स्टार घ्या, बाकीचं देव बघेल

एनबीए फँटसी म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून ॲपवर आपला संघ चालवायचा खेळ; त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपली हारजीत. त्याचा ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायचा दिवस, जवळ आला की काही लोक गृहपाठ करत बसतात. कोण किती मिनिटं खेळतो, कोणाचा गुडघा कितपत बरा झालाय, वगैरे. तुम्ही या फंदात पडू नका. नाव ओळखीचं आहे ना? घ्या.

जोएल एम्बीड घ्या, 2023चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, आहे. जोडीला झायन विल्यमसन आणि कवाय लेनर्ड. 2024-25च्या मोसमात एम्बीड 19 सामने खेळला, झायन 30 आणि कवाय 37. बेरीज 86. मोसम 82 सामन्यांचा, म्हणजे तीन जागा अडवून तुम्हाला एक धडधाकट माणूस मिळाला. वर चार सामने फुकट!

बारा जणांच्या लीगमध्ये पहिला नंबर लागला तर, दर फेरीला क्रम उलटत असल्याने, पुढची पाळी थेट 24वी आणि 25वी. तोवर चहा टाका. तीन स्टार झाले की उरलेले दहा ऑटोपिकवर, म्हणजे ॲपच्या मर्जीवर, सोडा, हमाली आपण करायची नाही.

यानिस मिळाला तर शेजारी स्टेफ करी बसवा. आता फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या फटक्यांची) टक्केवारी ही हारजीत ठरवणारी एक कॅटेगरी, आणि ती अख्ख्या संघाची मिळून धरतात, आणि यानिस सामन्याला दहाएक फ्री थ्रो मारून साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. म्हणून जाणकार ती कॅटेगरी सरळ सोडतात आणि रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), ब्लॉक (फटका अडवणं) करणारे भरतात. मग करीची नव्वद टक्के वाया जातात. जाऊ देत. पोस्टर काय दिसेल!

टर्नओव्हरही, म्हणजे स्टारने गमावलेले चेंडूही, तुमच्या विरुद्ध मोजतात, हे कोणाला सांगू नका.

आता मुख्य धडा. डिसेंबरात संघ तळाला गेला की ॲप उघडायचं बंद करा. नावापुढे लाल अक्षरात 'आउट' आलेला गडी खुशाल खेळवा, आणि ज्याचा त्या रात्री सामना आहे त्याला बेंचवर कुजू द्या. मग कंटाळा आला की आपला योकिच लीगमधल्याच साडूला देऊन टाका. आमच्या लीगमध्ये परवा एका गड्याने हेच केलं. 2024-25चा अख्खा मोसम ट्रिपल-डबलच्या (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर) सरासरीने खेळलेला योकिच! बदल्यात दोन राखीव, त्यातला एक जायबंदी. ग्रुपवर विचारलं तर त्याचं उत्तर आलं, "डॅलसने डॉन्चिच दिला तेव्हा कुठे होतास?"

कुठे होतो? तेव्हाही बोंबललोच होतो! आणि एनबीएतल्या खऱ्या डॅलस संघाला आपला स्टार डॉन्चिच देऊन निदान अँथनी डेव्हिससारखा नावाजलेला गडी तरी मिळाला. तरी चाहते मैदानाबाहेर निदर्शनं करत उभे राहिले, आणि तो व्यवहार करणाऱ्या मॅनेजरला नोव्हेंबर 2025मध्ये नारळ मिळाला. तुला कोण नारळ देणार? आपली लीग चालवणारा कमिशनर म्हणतो, दोघांची संमती आहे, मी काय करू. अरे, साडूची संमती नसेल तर कोणाची असेल? ज्याला योकिच फुकट मिळतोय तो नाही म्हणेल?

स्टार घ्यायला कोणाची ना नाही हो. पण पहिल्या पाळीला योकिच उचलायचा आणि दोन महिन्यांत पाठ फिरवायची, हा काय प्रकार? दर आठवड्याला दोघादोघांची लढत असते; तू पाठ फिरवल्यावर तुझ्यासमोर आला त्याला फुकट विजय, आणि आधी तुझ्याशी झुंजून हरलेला बसला बोंबलत. इथे माणसं पहाटे साडेपाचला, पहिला सामना सुरू व्हायच्या आत, डोळे चोळत लाईनअप लावतात. झेपत नव्हतं तर ऑक्टोबरातच नाही म्हणायचं होतं. जागेसाठी लोक थांबले होते.

आणि ग्रुपवर हसण्याच्या इमोजी टाकणारे तुम्ही बाकीचे! या ट्रेडवर, म्हणजे अदलाबदलीवर, हरकत घ्यायला उद्या रात्रीपर्यंत मुदत आहे. चार मतं लागतात, आत्ता एकच पडलंय, माझं. बटण दाबायला काय मुहूर्त काढून देऊ?