लाखोळी, बी-12 आणि माझं चुकलेलं एक वाक्य

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही ‘वैतागलेला नागपूरकर’ लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणतो.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, आहार आणि मन यांच्या संबंधावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया थोडक्यात: औषधं विकून पोट भरणारा माणूस लोकांना गोळ्या सोडून भाकरी खायला सांगतो. माझा लेख वाचून तुमच्या बहिणीने डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवसांत पुन्हा अंथरूण धरलं. मनाच्या आजाराचा नि पोळीभाजीचा काडीचा संबंध नाही. शिवाय तुमचे आजोबा जन्मभर सावजी खाऊन 88 वर्षं जगले.

आधी बहिणीचं. ‘पहिले ताट सुधारा, मग गोळीकडे वळा’ हे वाक्य माझंच. ऐकायला बरं वाटलं म्हणून ठेवलं, आणि तिथेच चुकलो. एकवीस वर्षं औषधाच्या दुकानात उभं राहिल्यावर तरी मला हे कळायला हवं होतं. (‘मेडिकल’ म्हणत नाही, कारण आपल्याकडे मेडिकल म्हटलं की ऑटोवाला थेट मोठ्या दवाखान्यात नेतो.) या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर येते, जीव घाबरतो, झोप उडते आणि मूळ दुखणं उलटतं. वाक्य काढलंय. बहिणीला तिच्या डॉक्टरांकडे न्या, आजउद्याच. गोळ्या कमी करायच्या की नाही, केव्हा, किती, हे त्यांनाच ठरवू द्या. तिची मी माफी मागतो.

पण ‘काडीचा संबंध नाही’ हे मात्र मला पटत नाही. तुम्ही नागपूरचे, म्हणजे लाखोळी ऐकून असाल. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत पीक उभं असतानाच ओलीवर फेकायची, पाणी नसलं तरी येणारी डाळ. दुष्काळात दुसरं काही पिकत नसे तेव्हा महिनोन्‌महिने तीच पोटात जायची, आणि धडधाकट माणसांचे पाय कायमचे ताठरायचे. दोष डाळीतल्या ओडीएपी नावाच्या द्रव्याचा, जे पाठीच्या कण्यातल्या नसांना इजा करतं. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, आपल्या राज्याने ती 2008 मध्ये उठवली. वरणात मिसळून अधूनमधून खाणाऱ्याला काही होत नाही. तीच ती खाणाऱ्याला होतं. ताटातली वस्तू नसांपर्यंत पोचते एवढंच मला म्हणायचंय. आणि मेंदू काय नसांपासून वेगळा आहे?

आता घरचं सांगतो. आई शुद्ध शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं, शुगरसाठी दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन, वर ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. ती भजनाला जायची बंद झाली. गॅसवर दूध विसरायची, नातवावर खेकसायची. एका डॉक्टरांनी ‘वयोमानाने होतं’ म्हणून झोपेची गोळी लिहिली, आणि ती मीच माझ्या दुकानातून आणून दिली. मग एक दिवस गोकुळपेठेच्या बाजारात तिच्या पायातली चप्पल निघाली आणि ती तशीच दहा पावलं पुढे गेली. तिला कळलंच नाही! मी विचारलं तर म्हणते, “मले काई नाई झालं, तू काहून मांगं लागला?”

बी-12 तपासलं, अगदी तळाला. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं, भाजी-भाकरीत नसतं. त्यात मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही दीर्घकाळ घेतल्या की ते अंगी लागणं कमी होतं. लाजिरवाणं हे, की दोन्ही पाकिटं दर महिन्याला मीच पिशवीत घालत होतो. हिमोग्लोबिन मात्र छान होतं. पालेभाजीतलं फोलेट हे जीवनसत्त्व बी-12 कमी असलं तरी रक्त सांभाळून घेतं, आत नसा कुरतडल्या जात राहतात. म्हणून रक्ताचा साधा रिपोर्ट बघून बिनधास्त राहू नये.

इंजेक्शनं सुरू झाली. चार महिन्यांनी भजन परत आलं, खेकसणं गेलं. तळपायाच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, उशीर झाला होता. सोबत मानसोपचारतज्ज्ञांची गोळीही चालू होती, तेव्हा श्रेय कशाचं किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

अभ्यासांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये नैराश्याच्या 67 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आहारतज्ज्ञाच्या मदतीने डाळी, भाज्या, मासे, सुकामेवा वाढवलेल्या गटातले 32 टक्के बारा आठवड्यांत नैराश्यातून बाहेर आले. नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटातले 8 टक्के. मी लेखात एवढंच लिहून मोकळा झालो होतो. त्यातल्या बहुतेकांचे उपचार चालूच होते, हे लिहिलं नाही. आणि आपण काय खातोय हे खाणाऱ्याला कळतंच, मग आशेनेही थोडं बरं वाटतं. 2019 मध्ये युरोपातल्या चार देशांत हजारावर लोकांवर वर्षभर पाहिलं, तर जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी नैराश्य टळलं नाही. हेही मी गाळलं होतं. तुमचा राग तिथे रास्त आहे.

आजोबांबद्दल वाद नाही. ते सावजी रोज खात होते की रविवारी, आणि दिवसभर किती चालत होते, तेवढं तुम्ही लिहिलं नाही. तर्री-पोहे मीही सोडलेले नाहीत; वर लिंबू भरपूर पिळतो, पोह्यातलं लोह अंगी लागायला तेच कामी येतं. चहा मात्र तासाभराने, कारण तो लोह अडवतो.

बहिणीला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा ती शाकाहारी आहे का, ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे, एवढं आपणहून सांगा आणि बी-12 तपासायचं का ते विचारा. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की इथे एक ओळ टाका. शिव्यांसकट टाकली तरी चालेल.