गणितात ३८, भाषा चार

माझ्या भाच्याला दहावीला गणितात ३८ पडले. निकालाच्या दिवशी घरात पेढे आले नाहीत. अन्ना, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि त्याचे वडील, टॉवेलच्या कारखान्यातून आले, गुणपत्रिका बघितली आणि न जेवताच झोपले. शेजारच्या मावशींनी विचारलं, "मग आता आर्ट्सच का?" तो 'च' पोराने ऐकला. म्हणून लिहितेय.

उन्हाळ्यात आईला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो होतो. रांगेत अक्कलकोटकडच्या एक आजी होत्या, कन्नडशिवाय काही येत नव्हतं. "एदे, एदे" म्हणत छातीवर हात ठेवायच्या, नर्सबाई घाबरल्या. आमचा पोरगा पुढे झाला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "सिस्टर, एदे नोवू नाही म्हणत त्या, एदे उरी म्हणतायत. दुखत नाही, जळजळतंय. रात्री जेवल्यावर जास्त." डॉक्टरांनी तपासण्या सगळ्या केल्याच. पण आजींचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं ते या ३८ वाल्या पोरामुळे.

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, खेळायला गेलं की उर्दू. सोलापूरच्या पूर्व भागात अशी पोरं घराघरात आहेत. सगळ्यांनाच येतं म्हणून आपण त्याला हुशारी म्हणतच नाही. पुण्या-मुंबईत याच गोष्टीचे लोक पैसे मोजतात. मी चौदा वर्षं तेलुगू-कन्नडमधून मराठीत अनुवाद करते, त्यावर माझं घर चालतं.

आकडे पूर्ण सुटतील, असं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. ते खोटं ठरेल. मला शब्दांचा दर लावावा लागतो, बिल करावं लागतं, सबटायटल लिहिताना एका ओळीत किती अक्षरं मावतील ते बघावं लागतं. युनिफॉर्म शिवणाऱ्याला टेप लागते, चादरीची नक्षी काढणाऱ्याला चौकटी मोजाव्या लागतात. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, कर्जाचं व्याज एवढं प्रत्येकाला यायलाच हवं आणि ते त्याला येतं. त्याला जड जातं ते भूमिती आणि त्रिकोणमिती. त्यावाचून अडत नाही अशी कामं भरपूर आहेत.

मात्र वाट निवडताना नीट बघावं लागतं. कला शाखा म्हणजे गणितातून सुटका, असं धरून चालू नका. मानसशास्त्र घेतलं की पुढे संख्याशास्त्र येतं. अर्थशास्त्रातही तेच. बँकेच्या परीक्षांना तर आकडेमोडीचा वेगळा विभाग असतो. 'सेफ आहे' म्हणून अशा मुलाला तिकडे ढकलणं मला क्रूरपणाचं वाटतं. पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीत थोडे गणिताचे प्रश्न असतात, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या लॉला तेही नसतात. आणि चार भाषांत अशिलाचं ऐकून घेणारा वकील आपल्या जिल्ह्याला किती उपयोगाचा आहे, हे कोर्टाच्या आवारात एक दिवस बसलं तरी कळतं. पत्रकारिता, समाजकार्य, भाषेचं शिक्षकपण, अनुवाद हे आहेच.

एक गोष्ट पालकांना कळकळीने सांगते. मूल मोठं झालं तरी घड्याळ वाचता येत नसेल, सुट्टे पैसे मोजताना गोंधळत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. तो डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे समजायला अडचण येणारी अध्ययन अक्षमता, असू शकतो. तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावी बोर्ड सवलती देतं. आमच्या वर्गातली एक मुलगी याच कारणाने नववीत शाळा सोडून गेली. तेव्हा हा शब्दच आम्हाला माहीत नव्हता.

काल रात्री पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. मला तो तेलुगूत 'अत्ता', म्हणजे आत्या म्हणतो. म्हणाला, "अत्ता, अन्नांना तू सांगशील का?" मी सांगितलंय. अन्ना अजून काही बोललेले नाहीत, पण आज सकाळी त्यांनी अकरावीचा फॉर्म कधी भरायचा ते विचारलं.

सोलापुरात कोर्टात, आकाशवाणीवर किंवा भाषेच्या कुठल्याही कामात असलेलं कुणी हे वाचत असेल, तर या रविवारी अर्धा तास द्याल का? पोराला तुमच्याकडे घेऊन येते. जमलं तर अन्नांनाही आणते.