‘ब्लॉक’ उघडणारा काढा आणि माझ्या मावशीची नाडी

गेल्या शनिवारी माझी मावशी ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ असं लिहून देऊन हॉस्पिटलमधून वाईला परत आली. वय ७१, नाडी मिनिटाला ३६. आदल्या दिवशी दूध उतू जातंय म्हणून उठली आणि ओट्याशीच कोसळली होती. कपाळाला चार टाके. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला आणि त्याच दुपारी माझ्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. भाऊ आयटीत आहे, एरवी शहाणा आहे.

मेसेजचं नाव ‘पेसमेकर बसवण्याआधी हे वाचाच!!’ पाच मुद्दे. एक, पेसमेकरमुळे हृदय आळशी होतं आणि कायमचं मशीनवर अवलंबून राहतं. दोन, अर्जुनसाल आणि दालचिनीचा काढा २१ दिवस घेतला की कसलाही ब्लॉक उघडतो. तीन, मोबाइल, मिक्सर, इंडक्शन यांच्याजवळ गेलं की मशीन बंद पडतं आणि जन्मात एमआरआय करता येत नाही. चार, अमेरिकेत लाखो लोकांच्या छातीतल्या तारा तुटल्या, म्हणून तिथे बंदी आली. पाच, मेल्यावरही मशीन हृदय चालवत राहतं, प्राण अडकतो आणि हॉस्पिटलं बिल वाढवतात. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

मी पुण्यात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी, पेसमेकर वगैरे होतं तिथे, टेक्निशियन आहे. पेसमेकर बसवताना टेबलाच्या पलीकडे प्रोग्रामर, म्हणजे मशीन तपासायचं यंत्र, घेऊन बसणारी, मशीनपासून हृदयापर्यंत जाणारी तार नीट लागली का ते मोजणारी बाई मीच. शनिवारी संध्याकाळी मी वाईला पोचले तेव्हा पातेल्यात साल उकळत होती.

तर आधी दुसरा मुद्दा, कारण माणूस त्यानेच जाऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने ‘ब्लॉक’ हा शब्द ऐकलाय आणि त्यापुढे चौकशी केलेली नाही. रक्तवाहिनीत चरबी साचून ती अरुंद होते ते ब्लॉकेज. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे सगळं त्याचं. हार्ट ब्लॉक हे वेगळंच दुखणं आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात विजेची लहर निघते आणि मधल्या एका गाठीतून खालच्या कप्प्यांकडे जाते. तो रस्ता बंद पडला की वरचे कप्पे आपल्या तालात आणि खालचे आपल्या. खालच्यांचा स्वतःचा वेग मिनिटाला तीस-चाळीसच, तोही बेभरवशाचा. मावशीच्या ईसीजीवर ते लख्ख दिसतं : वरच्या कप्प्याच्या छोट्या उंचवट्यांची रांग एका अंतराने, खालचे मोठे ठोके दुसऱ्याच अंतराने, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

मावशीच्या यजमानांना मी विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण दिलं. पाइप चोंदणं हे एक दुखणं, स्टार्टरपासून मोटरपर्यंतची केबल उंदराने कुरतडणं हे दुसरं. केबल तुटलेली असताना तुम्ही पाइपात काय वाटेल ते ओता, मोटर फिरणार नाही. मावसे लगेच म्हणाले, “म्हणजे हिचा पाइप मोकळा आहे?” आहे. तिची अँजिओग्राफी नॉर्मल आली होती. आणि नेमका तोच रिपोर्ट पुढे करून भाऊ म्हणत होता, ‘बघा, ब्लॉक नाहीच, उगाच मशीन गळ्यात मारतायत.’ मला तिथेच त्याला फोन लावून ओरडावंसं वाटलं. लावलाही.

अर्जुनसालीवर माझा राग नाही. छातीत दुखण्यावर तिचे थोडेफार अभ्यास झालेले आहेत. पण तुटलेल्या विद्युतमार्गावर ती चालते असं कुठेही दिसलेलं नाही, दालचिनीचं तर नावच नको. आणि २१ दिवस कुणी सांगितले? पेसमेकर नव्हते त्या काळात पूर्ण हार्ट ब्लॉक होऊन चक्कर येणाऱ्यांपैकी साधारण निम्मे वर्षभरात जायचे. एवढं मात्र मान्य करते की नाडी मंद दिसली की लगेच पेसमेकर असं नसतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, थायरॉइडने, पोटॅशियम वाढल्यानेही ठोके मंदावतात आणि ते आधी तपासायचं असतं. मावशीचं सगळं तपासून झालं होतं.

आता ‘आळशी हृदय’. पेसमेकर आधी ऐकतो, मग बोलतो. ठोका आपला आपण आला तर तो गप्प बसतो, ठरलेल्या वेळेत आला नाही तरच बारीकसा झटका देतो, जो आपल्याला कळतही नाही. अवलंबून राहायचं म्हणाल तर मावशी मशीनआधीच एका बेभरवशाच्या ठोक्यावर अवलंबून होती.

आर्ने लार्सन हे नाव लक्षात ठेवा. स्वीडनचा माणूस. हार्ट ब्लॉकने दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडायचा. बायको एल्से-मारी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांच्या मागे हात धुवून लागली आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर त्याला लागला. दोन ट्रान्झिस्टर, वर इपॉक्सीचं आवरण, आणि साचा म्हणून बुटपॉलिशची डबी! तो काही तासांतच बंद पडला, दुसरा लावावा लागला. पुढे आयुष्यभरात असे २६ झाले. लार्सन २००१ साली गेला, वयाच्या ८६व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी गेले होते. पहिल्या मुद्द्याला एवढं पुरे.

नाही, पुरे नाही. थोडं खरं त्यातही आहे आणि ते मी लपवणार नाही. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी तार लावून सतत ठोके दिले तर काहींच्या हृदयाचा पंप वर्षानुवर्षांनी कमजोर होतो. २००२ च्या ‘डेव्हिड’ नावाच्या चाचणीत डिफिब्रिलेटर (घातक वेगवान ताल शॉक देऊन मोडणारं मशीन) बसवलेल्या ५०६ रुग्णांत हे दिसलं : मशीन जास्त ठोके देत होतं त्या गटाची अवस्था वाईट झाली. त्यावर उपाय म्हणून हृदयाच्या मूळ विद्युतमार्गालाच तार टेकवायची पद्धत आली. त्या मार्गाच्या डाव्या शाखेपाशी तार नेण्याचं काम २०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोऊच्या हुआंग वेजियान यांनी प्रसिद्ध केलं, आणि आज आमच्या लॅबमध्येही ती पद्धत चालते. म्हणजे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘तार कुठे लावणार?’ हा आहे. ‘बसवू की काढा पिऊ?’ हा नाही.

चौथा मुद्दा वाचून मी जरा थबकले, कारण यामागे खरी गोष्ट आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये मेडट्रॉनिक या अशी मशीनं बनवणाऱ्या कंपनीने ‘स्प्रिंट फिडेलिस’ नावाच्या तारांची विक्री थांबवली. जगभरात सुमारे २,६८,००० बसवून झाल्या होत्या. त्या नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात तुटत होत्या, आणि तुटलेल्या तारेतला गोंधळ मशीनला जीवघेणा ताल वाटून शुद्धीत असलेल्या माणसाला विनाकारण शॉक बसत होते. भयंकर प्रकार, त्याची सारवासारव मी करणार नाही. पण त्या तारा डिफिब्रिलेटरच्या होत्या. मावशीला लागणारी तार ती नव्हे. लाखो बसल्या होत्या, लाखो तुटल्या नव्हत्या. आणि विक्री थांबली ती त्या एका प्रकारच्या तारांची, पेसमेकरची नाही. उलट धडधाकट चालणाऱ्या तारा सरसकट ओढून काढू नका असंच तेव्हा सांगितलं गेलं, कारण काढण्यातला धोका अनेकांसाठी ठेवण्यापेक्षा मोठा होता.

तिसरा पटकन. मिक्सर, टीव्ही, फ्रिज चालतात. मोबाइल मशीनपासून १५ सेंटीमीटर लांब ठेवा, शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको. मागे चुंबक असलेल्या फोनबद्दल तर जास्तच, कारण चुंबक छातीवर टेकला तर डिफिब्रिलेटर तेवढा वेळ शॉक देणं थांबवतो, हे २०२१ मध्ये आयफोन १२ वर दिसून आलंय. इंडक्शनपासून दोन फूट मागे. एमआरआयचं म्हणाल तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमआरआयसाठी न बनवलेल्या जुन्या मशीनवाल्यांचे १५०० स्कॅन काळजी घेऊन केले गेले, स्कॅनदरम्यान कुणी दगावलं नाही. आता तर मशीनंच एमआरआयला चालणारी येतात. गंमत म्हणजे या मेसेजमध्ये जे खरंच टाळायला हवं ते नाहीच : गावोगाव डेमो देऊन विकतात ती चुंबकाची गादी. मावशीच्या पलंगावर ती होती. मी गुंडाळून माळ्यावर टाकली.

पाचवा मला नुसता हास्यास्पद वाटला होता. रात्री कळलं की मावशी त्यालाच घाबरून घरी आली होती. दिवा मालवल्यावर म्हणाली, “मला मरायची भीती नाही गं. पण जीव आतच घुटमळत राहिला तर?”

मग तिला सांगितलं. पेसमेकर फक्त इशारा देतो, आकुंचन हृदयाच्या स्नायूने करायचं असतं. रक्त आणि ऑक्सिजन थांबला की स्नायू इशाऱ्याला उत्तर देत नाही. मॉनिटरवर मशीनच्या बारीक उभ्या रेघा येत राहतात, मागे ठोका उमटत नाही. त्या रेघा बघून ‘अजून चालू आहे, तुम्ही का सोडताय’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत, त्यांना दोष देत नाही. पण त्या रेघा म्हणजे रिकाम्या घराच्या दारावर वाजणारी बेल. लार्सनच्या अंगातही शेवटपर्यंत मशीन होतं. त्याची वेळ झाली तेव्हा तो गेलाच ना?

एक गोष्ट मात्र घरच्यांनी लक्षात ठेवायची : दहनाआधी मशीन काढून घ्यावं लागतं, आतली बॅटरी आगीत फुटते.

“काढलेल्याचं काय करतात?” मावशीने विचारलं. मी तिला मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयाबद्दल सांगितलं. अमेरिकेत वारलेल्या लोकांचे पेसमेकर निर्जंतुक करून तिथे ५३ गरजू रुग्णांना बसवले होते आणि ते नीट चालले, हे २०१२ च्या सुमारास छापून आलंय.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं झोपली.

“माझंही द्या मग कुणाला तरी,” ती म्हणाली. “पण आधी मला वापरू दे की दहा वर्षं. सकाळी किती वाजता निघायचं?”