थिबा राजवाडा ‘रिकामा’ वाटला, त्याबद्दल

नमस्कार. आमच्या रत्नागिरी दर्शन सहलीला दोन तारे देताना तुम्ही लिहिलंय की थिबा राजवाड्यात सिंहासन नाही, पलंग नाही, खाली ठेवलेल्या मूर्तींचा राजाशी संबंध नाही, आणि गाईड मात्र पाऊण तास बोलत राहिला. तेवढा वेळ भाट्याच्या किनाऱ्यावर दिला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणता.

सहल मी चालवतो, म्हणून स्पष्ट सांगतो : राजवाड्याचा वेळ कमी होणार नाही.

ब्रिटिशांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पुढच्या वर्षी राण्या-मुलींसह इथे आणून ठेवलं. वय अवघं २७. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती, येणं-जाणं बोटीनं, पावसाळ्यात तीही बंद. कैदेतल्या राजासाठी याहून सोयीचं गाव त्यांना कुठलं मिळणार होतं? धाकटी राजकन्या इथेच जन्मली. वाडा तयार झाला १९१० मध्ये. त्याआधीची २४ वर्षं या कुटुंबानं बंगल्यांत काढली. राजा वाड्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, १९१६ मध्ये वारला आणि १९१९ मध्ये राणी सुपायालात रंगूनला परतली. तुम्ही शोधत होता ते मंडालेचं सिंहासन कोलकात्याच्या संग्रहालयात पडून होतं. १९४८ मध्ये ते ब्रह्मदेशाला परत मिळालं. रत्नागिरीत ते दिसेल कुठून?

मूर्तींचं म्हणाल, तर आज इथे सरकारचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे, त्यामुळे या मुलखातल्या वस्तू तिथे असणारच. माझ्या मते राजाचं खरं दालन वरच्या मजल्यावर आहे. अर्धगोल खिडक्यांची लाकडी नक्षी जवळून बघा, मग तिथूनच भाट्याच्या खाडीकडे नजर टाका. परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकता न येणाऱ्या माणसाला रोज हेच पाणी दिसायचं. आमचा गाईड तिथे थांबतो तो याचसाठी, आणि त्यानं थांबावं असं मीच त्याला सांगितलंय.

फक्त समुद्र हवा असेल तर आमची किनाऱ्यांची वेगळी सहल आहे, बुकिंग करताना तसं जरूर सांगा. आणि एक. तुमच्या गटानं कंटाळून शिवाजीनगरातली थिबाची समाधी वगळायला लावली, असं गाईडकडून कळलं. पुन्हा आलात तर तिथे मी स्वतः घेऊन जाईन, त्याचे पैसे घेणार नाही.