कावीळ टीव्हीला की डोळ्यांना?

मागच्या रविवारी ‘नवा टीव्ही घेतला, आता पुढे?’ हा लेख टाकला होता. त्याखाली नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो:

‘तुमचं ऐकून सिनेमा मोड लावला, रंग वॉर्म (उबदार, पिवळसर छटेचा) केला, तर टीव्हीला कावीळ झाली!!! शार्पनेस शून्य केला तर चित्र मऊ भातासारखं झालं. भर दुपारी काही म्हणता काही दिसत नाही. परदेशी साइट वाचून उंटावरून शेळ्या हाकता. नागपूरच्या घरात कधी टीव्ही पाहिला आहे का?’ त्यानंतर डीटीएच, एचडीएमआय केबल आणि ‘सेटिंग टिकतच नाही’ अशा चार-पाच तक्रारी.

प्रतिक्रिया रात्री १ वाजून २० मिनिटांनी लिहिलेली आहे. उद्गारचिन्हं तीन. टीकेचं स्वागत आहे असं मी प्रत्येक लेखाखाली लिहितो आणि ते खरंही आहे, पण भाऊ, टीका वेगळी आणि भर पंगतीत ताट सरकवणं वेगळं. ‘मला रंग पिवळट वाटला, असं का होत असावं?’ एवढं विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. आता सगळं ऐकावं लागेल.

आधी एक चूक मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा ऐकूनच घेत नाही. शार्पनेस, म्हणजे चित्रातल्या कडा ठळक करणारी पट्टी, सरसकट शून्यावर न्या असं मी लिहिलं होतं. काही कंपन्यांच्या सेटमध्ये शार्पनेसची तटस्थ जागा, जिथे टीव्ही कडांना हात लावत नाही ती, शून्यावर नसते, पट्टीच्या मध्यावर, म्हणजे ५० वर असते. तिथे शून्य केलं की चित्र खरंच मऊ पडतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आपला सेट कुठला ते ओळखायची सोपी खूण सांगतो: बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं पाहा. अक्षरांच्या कडेनं पांढरी किनार दिसली तर शार्पनेस जास्त आहे. ती किनार मूळ चित्रात नसते, टीव्हीनं स्वतःच्या मनानं काढलेली असते. किनार नाहीशी झाली की तिथेच थांबा. मऊ भाताचा विषय संपला.

आता ‘नागपूरच्या घरात कधी टीव्ही पाहिला आहे का?’ हे वाक्य. हे बोचलं, लपवत नाही.

नागपुरात सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचा टॉवर आहे, त्याच्याकडे तोंड करून गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्या पिढीतला मी आहे. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ हे ज्यांनी खाली अंगणात उभं राहून ओरडलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पण माझं शिक्षण त्या गच्चीवर झालेलं नाही. ते झालं बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही. तिथे मी नऊ वर्षं टीव्ही विकले. परदेशी साइट तेव्हा कुठली होती? आमची साइट म्हणजे समोरची भिंत. तिच्यावर वीस-बावीस सेट ओळीनं चालू, डोक्यावर ट्यूबलाइटांची रांग, आणि काचेबाहेर रस्त्याचं ऊन.

शटर वर गेलं की माझं पहिलं काम ठरलेलं. अगरबत्ती मालक लावायचे, मी रिमोट घेऊन एकेक सेट सगळ्यात भडक मोडवर (मेनूत ‘विविड’ किंवा ‘डायनॅमिक’ असतो तो) टाकायचो. एखादा राहिला तर मालक गल्ल्यावरूनच ओरडायचे, ‘अबे, त्याले नीळ घाल!’ नीळ म्हणजे धोतराला घालतात ती. घरी दोन धोतरं धुतली, एकाला नीळ घातली, एकाला नाही, आणि दोन्ही शेजारी वाळत टाकली तर नीळ न घातलेलं पिवळट वाटतं. खरं म्हणजे ते पिवळं नसतं, सुताचा जो रंग आहे तोच असतो. शेजारच्यात निळं घातलंय म्हणून डोळा फसतो. भिंतीवर एक सेट जरी खऱ्या पांढऱ्यावर ठेवला तर गिऱ्हाईक म्हणायचं, ‘हा जुना आहे का?’ तो सेट विकला जायचा नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

तुमच्या काविळीचं कारण हे आहे. ‘पांढरा’ कशाला म्हणायचं हे टीव्हीच्या दुनियेत ठरलेलं आहे. १९९० मध्ये एचडी चित्राचं जे आंतरराष्ट्रीय मानक आलं त्यात पांढऱ्याची जागा साधारण ६५०० केल्व्हिन धरली आहे, म्हणजे दिवसाचा स्वच्छ उजेड. केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर. मालिका असो वा क्रिकेट, रंग जुळवणारा माणूस हाच पांढरा समोर ठेवून काम करतो. भडक मोडमधला पांढरा मात्र नऊ-दहा हजाराच्या घरात असतो, कधी त्याच्याही पुढे. त्यावर चार महिने काढले आणि एका रात्री वॉर्मवर गेलात, तर पिवळं दिसणारच. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं असं आपल्याकडे म्हणतात. टीव्हीला नावं ठेवण्याआधी ती म्हण एकदा आठवायला हरकत नव्हती. (हे जरा जास्त झालं. राहू द्या. तुम्ही उंटाची काढली होतीत.)

माझ्यावर विश्वास नको, कागदावर ठेवा. कोरा पांढरा कागद घ्या. रात्री खोलीतली एलईडी ट्यूब लावा. बहुतेकांच्या घरी असते ती ६५०० ची, खोक्यावर लिहिलेलंच असतं. टीव्हीवर पांढरा भाग असलेलं दृश्य थांबवा आणि कागद त्याच्या शेजारी धरा, ट्यूबचा उजेड कागदावर पडेल असा. आधी भडक मोड, मग सिनेमा आणि वॉर्म. कागद कुठल्या पांढऱ्याशी जुळतो ते तुमच्याच डोळ्यांनी ठरवा.

मी आणखी एक केलं होतं. आंबिया बहराची संत्री घरात आली तेव्हा टोपलीचा फोटो मोबाइलवर काढला, टीव्हीवर लावला आणि टोपली टीव्हीखालच्या फळीवर ठेवली. आपल्या संत्र्याच्या सालीवर हिरवट-पिवळी झाक असते, देठापाशी तर चांगलीच हिरवी. भडक मोडमध्ये सगळी फळं एकाच केशरी डब्यात बुडवून काढल्यासारखी झाली, हिरवं बेपत्ता. सिनेमा मोडवर देठाजवळचं हिरवं परत आलं आणि एका फळावरचा खरचटलेला डागही दिसला. आई बाजूला बसली होती. पहिल्या दिवशी तीही तुमच्यासारखंच म्हणाली होती, ‘कावीळ झाली का रे याले?’ चौथ्या-पाचव्या दिवशी मी मुद्दाम भडक मोड लावला, तर म्हणते, ‘हे काय निळं निळं करून ठेवलंस?’ डोळ्याला तेवढे दिवस द्यावे लागतात. आईनं दिले, आणि उद्गारचिन्हं न वापरता.

बाकीचं भराभर.

डीटीएचवर चॅनेल धुरकट दिसतो, त्यात माझा दोष काय? साध्या चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, फोर-के टीव्हीचा पडदा ३८४० गुणिले २१६०. हिशेब करा, बरोबर वीसपट. एका ठिपक्याच्या जागी वीस ठिपके टीव्हीला अंदाजानं भरावे लागतात. एचडी बॉक्स घ्या, एचडी चॅनेल घ्या, आणि बॉक्सला ती पिवळी-लाल-पांढरी वायर लावली असेल तर काढून एचडीएमआय लावा. त्या वायरमधून एचडी येतच नाही. केबल महागडी लागत नाही, हेही लेखात होतं. चित्र डिजिटल आहे. केबल कमी पडली तर चमचम ठिपके दिसतील किंवा पडदा काळा होईल, रंग फिके पडणार नाहीत. 

राहिली दुपार. ‘भर दुपारी काही दिसत नाही’ याला माझं पहिलं उत्तर ‘पडदा ओढा’ एवढंच होतं. लिहिलं आणि खोडलं. मे महिन्यात कूलर खिडकीत असतो आणि हवा बाहेर जायला समोरचं दार उघडं लागतं, ते बंद केलं की खोलीची वाफ होते, हे मला महालातून कोणी शिकवायला नको. लेखात दुपारचा उल्लेख होताही, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात, अर्धं वाक्य. मोड तोच ठेवून फक्त बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची, पट्टी वर न्यायची, आणि ऊर्जाबचत नावाचं जे काही मेनूत असेल ते बंद करायचं, ते गुपचूप उजेड खाली आणतं. काही कंपन्यांनी बॅकलाइटलाच ब्राइटनेस असं नाव देऊन गोंधळ घातला आहे, तेव्हा पट्टी हलवून पाहा. पूर्ण पडद्याचा उजेड वाढला तर ती बरोबर. फक्त काळा रंग राखाडी झाला तर ती दुसरी, तिला होती तिथे परत ठेवा. अर्धं वाक्य कमी पडलं असेल, मानतो. आमच्याकडे मेमध्ये दुपारी साडेबारा ते पाच आई रिमोट घेऊन सरळ भडक मोड लावते आणि मी रात्री बदलतो, पण तो आमचा घरगुती मामला आहे, त्याचा या चर्चेशी संबंध नाही.

आता तुमची शेवटची ओळ, जी मी आधी वाचून सोडून दिली होती: ‘सेटिंग केलं तरी थोड्या वेळानं आपोआप जुन्यावर जातं.’ भाऊ, ही ओळ वर लिहायची होती. टीव्ही पहिल्यांदा चालू करताना ‘घर की दुकान’ असं विचारतो. बसवायला आलेल्या मुलानं घाईत दुकान दाबलं असणार. दुकानाच्या मोडमध्ये गिऱ्हाइकानं काहीही बदललं तरी सेट काही मिनिटांत आपला आपण परत भडक होतो. भडकपणावरच तर आम्ही जगत होतो. म्हणजे तुम्ही सिनेमा मोड सलग दहा मिनिटंसुद्धा पाहिलेला नाही, आणि त्या दहा मिनिटांवर कावीळ, भात, उंट, शेळ्या!

मेनूत सिस्टीम किंवा जनरलमध्ये जा, ‘होम मोड’ किंवा ‘घरगुती वापर’ असं काही असेल ते निवडा. नाही सापडलं तर सेटचा मॉडेल नंबर इथे टाका, मी शोधून देतो. मग आठवडाभर वॉर्मवर बघा आणि काय वाटतं ते जरूर कळवा. शक्यतो दिवसा लिहा.