‘हजार सांगून अडतीसचा स्पीड दिला’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू मी रविवारी सकाळी वाचला. बाकीचं नंतर बोलू, आधी तातडीची गोष्ट. ज्या कार्डावर नाटकाचा दुसरा अंक होता, ते कार्ड कॅमेऱ्यात घालू नका. त्यावर एक सेकंदसुद्धा शूट करू नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त फाइलींची यादी पुसली जाते, मूळ फुटेज कार्डावर तसंच पडून असतं. नवीन काही लिहिलं गेलं की मात्र ते कायमचं जातं. कार्ड घेऊन दुकानात या, रिकव्हरी करून बघू. शंभर टक्के मिळेल असं वचन देत नाही, पण प्रयत्नाचे पैसे घेणार नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. इतर वाचणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या फोंड्याच्या दुकानातून १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी आणि १० गिगाबिटचं एनक्लोजर, म्हणजे ती बसवून यूएसबीला जोडायची डबी, घेतलंत. स्पीड सेकंदाला ‘१००० पर्यंत’ मेगाबाइट सांगितला होता, प्रत्यक्षात ३८ मिळाला. डबी तव्यासारखी तापली. राजीव गांधी कला मंदिरात दोन कॅमेऱ्यांवर शूट केलेल्या प्रयोगाची कॉपी मध्येच तुटली, कार्ड फॉरमॅट झालेलं होतं, आणि दुसरा अंक गेला. परत द्यायला आलात, तर काउंटरवरच्या मुलाने ‘उघडलेला माल परत घेत नाही’ म्हणून हात वर केले. शेवटी तुम्ही लिहिलंय की माल डुप्लिकेट आहे.

शनिवारी तुम्ही रागाने डबी, केबल सगळं काउंटरवर ठेवून गेलात. रात्री शटर अर्धं ओढून मी ते घेऊन बसलो. स्क्रू काढला, झाकण सरकवलं, आणि पहिलीच गोष्ट दिसली ती अशी की थर्मल पॅडवरची निळी प्लास्टिकची फिल्म तशीच होती. एसएसडीची उष्णता पॅडमधून ॲल्युमिनियमच्या झाकणात जायची असते, म्हणूनच झाकण गरम लागतं आणि ते लागायलाच हवं. फिल्म मध्ये राहिली की पॅड नीट चिकटत नाही आणि उष्णता आतच कोंडते. एसएसडी आम्ही बसवून दिली होती, म्हणजे ही चूक आमचीच. फिल्मसकट सलग १०० जीबी कॉपी केल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ७४ अंश दिसत होते. फिल्म काढून तीच कॉपी पुन्हा केली तेव्हा ५९ वर थांबलं. बाहेरून डबी उलट जास्त गरम लागत होती, आणि तेच बरोबर आहे.

मग केबल. डब्यातली आखूड केबल दोन्हीकडे टाइप-सीची होती आणि तुमचा टाइप-सी पोर्ट चार्जरने अडकलेला असतो. म्हणून तुम्ही टाइप-एची (जुन्या चौकोनी यूएसबी तोंडाची) केबल मागितलीत आणि आमच्या मुलाने रॅकवरची पांढरी केबल काढून दिली. ती मोबाइल चार्जिंगची केबल आहे. तिच्यात डेटाच्या फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात. यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास. मी तीच केबल माझ्या मशीनला थेट लावली, ४१ मिळाले. तीच डबी १० गिगाबिटच्या केबलने लावली, तर वाचताना ९८० आणि लिहिताना ९३० मिळाले. आत रियलटेकची आरटीएल ९२१०बी चिप आहे, तीही मी तपासली. माल डुप्लिकेट नाही, हे मी ठामपणे सांगतो. पण तुम्हाला अडतीसच मिळाले हेही तितकंच खरं, आणि ती केबल आमच्या हातून गेली.

केबलीचा हा घोळ रोजचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाइप-सीचं तोंड बघून आतलं काही कळत नाही. महागड्या फोनबरोबर आणि लॅपटॉपच्या चार्जरबरोबर येणाऱ्या केबलीसुद्धा पुष्कळदा यूएसबी २.० च्याच असतात. आयफोन १५ प्रोचा पोर्ट १० गिगाबिटचा आहे, पण खोक्यातली केबल २.० ची. एनक्लोजरच्या खोक्यात येणारी आखूड, जाड, न वाकणारी केबल फेकून देऊन लांब मऊ केबल लावणारे गिऱ्हाईक आठवड्यातून एक तरी येतंच. आणखी एक बारीक गोष्ट आहे. टाइप-एचं पिन हळूहळू आत सरकवलं, तर पुढच्या जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि काही लॅपटॉप तिथेच २.० वर जोडून मोकळे होतात. स्पीड चाळीसवर अडकला, तर एकदा काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. पुष्कळांचं काम तेवढ्यानेच होतं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, मुलाची नाही. तुमचा लॅपटॉप जूनमध्ये आमच्याकडे कीबोर्ड बदलायला आला होता. मॉडेल रजिस्टरात लिहिलेलं आहे. विकताना मी ते पाहिलं नाही, काल पाहिलं. त्याचे टाइप-ए पोर्ट ५ गिगाबिटचे आहेत आणि टाइप-सीसुद्धा ५ चाच. म्हणजे केबल कितीही चांगली लावली, तरी त्यावर ४३० ते ४५० च्या वर काही जाणार नाही. ‘१००० पर्यंत’ मधला ‘पर्यंत’ तुमच्या लॅपटॉपवर कधी येणारच नव्हता. ५ गिगाबिटच्या पोर्टला अडीच इंची साटा (जुन्या, कमी वेगाच्या प्रकारची) एसएसडी आणि सहाशे-सातशे रुपयांचं साधं केस पुरलं असतं. साटाची मर्यादा ५५० च्या आसपास, म्हणजे पोर्टाहून थोडी जास्तच. ती तापतही कमी आणि वीजही कमी खाते. मी विचारलं असतं तर तुम्हाला स्वस्तातला माल दिला असता. विचारलं नाही, याची मला खरोखर खंत आहे.

तुम्ही लिहिलंय की आता ऑनलाइन ४० गिगाबिटचं एनक्लोजर मागवणार. कृपया मागवू नका. यूएसबी ४ चं, एएसमीडियाच्या एएसएम२४६४पीडी चिपचं एनक्लोजर उत्तम असतं. योग्य मशीनवर ते ३००० च्या वर जातं. तुमच्या लॅपटॉपवर तेही ५ गिगाबिटनेच चालेल, आणि तापेल मात्र पूर्ण. २० गिगाबिटचं तर आणखी अवघड. त्याला ‘जेन २ बाय २’ पोर्ट लागतो, तो फार थोड्या लॅपटॉपांवर असतो. तुमच्या एडिटरच्या मॅकवर ते १० वर उतरतं. नावांचा गोंधळ कंपन्यांनीच करून ठेवला आहे: यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच ५ गिगाबिटची. म्हणून खोक्यावर ‘३.२’ वाचून काही ठरवू नका, गिगाबिटचा आकडा शोधा. त्या आकड्याला आठाने भागा (आठ बिटांचा एक बाइट), वर थोडी घट धरा. १० गिगाबिटचे हजारच्या आसपास मेगाबाइट होतात ते असे.

कार्डाचा स्पीडही यात येतो. तुमचं फुटेज १०० मेगाबिटचं, म्हणजे तासाला ४५ जीबी. अडीच तासांचं नाटक, दोन कॅमेरे, एकूण सव्वादोनशे जीबी. चाळीसच्या स्पीडने त्याला दीड तासाहून जास्त लागतो, तुमचा संताप मी समजू शकतो. पण योग्य केबल लावूनही कार्डावरून उतरवताना तुम्हाला नव्वदच्या पुढे क्वचितच दिसेल, कारण तुमची कार्डं यूएचएस-१ ची (कमी वेगाच्या वर्गातली) आहेत. पाऊण तासाच्या आत काम होईल, चार मिनिटांत नाही. एसएसडीचा खरा फायदा त्यानंतर दिसतो: एडिटिंग थेट तिच्यावर करताना, किंवा सगळं फुटेज एकदम दुसऱ्या डिस्कवर हलवताना. तुमच्या पोर्टवर ते सव्वादोनशे जीबी नऊ-दहा मिनिटांत वाचून होतील.

कॉपी तुटली, त्याबद्दल. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेला फोटो मी मोठा करून पाहिला. एसएसडी एका पोर्टचे अनेक करणाऱ्या छोट्या हबला लावलेली आहे. त्याच हबवर माउसचा रिसीव्हर, जुनी हार्ड डिस्क आणि चार्जिंगला लावलेला फोन. हबला स्वतःचा ॲडॅप्टर दिसत नाही. यूएसबी ३ चा टाइप-ए पोर्ट ठरलेल्या मानकाने ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॅट. लिहिताना एनव्हीएमई एसएसडी एकटीच तेवढी खाऊ शकते. चौघांत वाटणी झाली की व्होल्टेज पडतं आणि डिस्क क्षणभर गायब होते. तुमच्या लॅपटॉपवर मी तपासलेलं नाही, पण माझ्या टेबलावर थेट पोर्टला ती दोन तास सलग चालली, एकदाही तुटली नाही. त्यामुळे माझा संशय हबवरच आहे.

तुमचा एडिटर मॅकवर काम करतो असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून आम्ही डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून दिली. एक्सफॅट आणि विंडोजची एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती आहेत. एनटीएफएस मॅकला वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालते, पण तिच्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, आणि लिहिताना वीज गेली किंवा केबल हलली की ती लवकर बिघडते. हे विकताना सांगायला हवं होतं, तेही राहिलं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते मी वेगळं सांगायला नको. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करा, डिस्क पुन्हा लावून दोन-चार क्लिप उघडून बघा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत करा, आणि मगच कार्ड फॉरमॅट करा. गेलेला अंक परत मंचावर होत नाही. स्वतः हौशी नाटकांत पडद्यामागे वावरलेला माणूस म्हणून हे मी तळमळीने सांगतोय.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती मला सगळ्यात जास्त खटकली. २०१९ पासूनच्या नाटकांचं आणि जत्रांचं सगळं फुटेज या एसएसडीवर टाकून ती कपाटात ठेवायची आहे, असं तुम्ही म्हणालात. तसं करू नका. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या मेमरी चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीने, तिची लेखनमर्यादा संपल्यावर, ३० अंशाला १ वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवते, पण गोव्यातलं कपाट मे महिन्यात ३० अंशाला राहत नाही. जुन्या कामासाठी दोन साध्या हार्ड डिस्क घ्या, एक घरी आणि एक दुसरीकडे ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी घाला, पाच-सहा महिन्यांनी लावून बघा. एसएसडी चालू कामाला ठेवा. तिच्यावरून काही चुकून पुसलं गेलं, तर ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप रिकामी करण्याची सोय) ते परत मिळणं पुष्कळदा अवघड असतं, कार्डासारखं नाही.

‘उघडलेला माल परत नाही’ हे वाक्य आमच्या बिलावर छापलेलं आहे आणि मुलाने ते वाचून दाखवलं. माल आम्हीच उघडून, आम्हीच चुकीचा बसवून दिलेला असताना ते वाक्य तुम्हाला लागू होत नाही. त्याने मला फोन करायला हवा होता. त्याच्याशी मी बोललो आहे. त्याच्या वतीने आणि माझ्या वतीने माफी मागतो. कालपासून आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या आहेत: चार्जिंगच्या केबली वेगळ्या रॅकवर, आणि एनक्लोजर देण्याआधी गिऱ्हाइकासमोर त्याच्याच लॅपटॉपवर स्पीड मोजून दाखवायचा.

तुमच्यासाठी तीन मार्ग आहेत, निवड तुमची. पूर्ण पैसे परत, केबलीसकट. किंवा साटाची एसएसडी आणि केस घ्या, वरचे पैसे परत घेऊन जा. हीच डबी ठेवायची असेल, पुढे नवा लॅपटॉप घेण्याचा विचार असेल, तर तेही चालेल. मग १० गिगाबिटची टाइप-ए केबल आणि ॲडॅप्टरवाला हब आमच्याकडून मोफत. रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही.

बिल सापडलं नाही तरी या, नोंद रजिस्टरात आहे. दुपारी १ ते ३:३० शटर बंद असतं, त्याआधी किंवा नंतर या. लॅपटॉप, हब आणि ते कार्ड, तिन्ही घेऊन या.