खुलासा आधी तुम्ही द्या!

डबा खाऊन झाल्यावर पाच मिनिटांत कंपनीच्या लॅपटॉपवर वीजबिल भरलं, तर एचआरचा मेमो! आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट उघडला, तरी नोंद. मुलीच्या शाळेचा मेल वाचला, तरी ‘खुलासा द्या’. आणि रात्री अकराला मॅनेजरचा मेसेज येतो तो माझ्या फोनवर, माझ्या डेटावर, त्याचा खुलासा कोण देणार?

लॅपटॉप कंपनीचा, मान्य. म्हणून सतत स्क्रीनशॉट काढायचे? आईची साखर किती, हे आयटीवाल्यांना कशाला कळायला हवं?

रुमानियात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी याहू मेसेंजरवर बोलला म्हणून एका इंजिनिअरची नोकरी गेली. त्या खासगी गप्पांची प्रत मालकाने काढून ठेवली होती! 2017 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बजावलं, की मालकाच्या हुकमाने कामाच्या जागचं खासगी आयुष्य शून्य होत नाही. त्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पण आपलाच 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघा. ‘नोकरीच्या कारणासाठी’ आमची माहिती वापरायला मालकाला आमच्या संमतीचीही गरज नाही! मग आम्ही दाद मागायची कुठे?

काय बघता, किती बघता, कोण बघतं, हे आधी लेखी द्या. मग पाठवा मेमो.